जुनं डिअरफील्ड : मैलभर रस्ता आणि अमेरिकेतली जुनी घरं ओळखायची कशी?

स्वरदा

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात डिअरफील्ड आहे. त्यातलं जुनं गाव म्हणजे एकच सरळ रस्ता, साधारण मैलभराचा. त्याचं नावही नुसतं 'द स्ट्रीट'. दोन्ही बाजूंना अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली घरं, घरांमागे थेट शेतं. तिकीट काढून दहा-अकरा घरं आतून बघता येतात. बाकीच्या घरांत माणसं राहतात, त्यामुळे कुणाच्याही अंगणात शिरू नका. मध्ये १७९७ साली स्थापन झालेली डिअरफील्ड अकॅडमी आहे, तिथली मुलं हॉकी स्टिका घेऊन याच रस्त्यावरून जात असतात.

धागा काढायचं कारण असं की भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी इथे नेते आणि प्रत्येक जण दहा मिनिटांत म्हणतो, "छान आहे, पण सगळी घरं सारखीच की!" सारखी नाहीत हो. चार गोष्टी बघायला शिकलं की हा रस्ता वाचता येतो.

पहिली गोष्ट धुराडं. छपराच्या बरोबर मधोमध एकच जाडजूड विटांचं धुराडं असेल तर घराचा आराखडा जुन्या वळणाचा. त्या एका धुराड्याभोवती तीन-चार शेकोट्या, समोर चिंचोळा दरवाजा आणि दरवाजातून आत गेलं की नाकासमोर जिना. इथल्या थंडीत उष्णता घराच्या पोटात राहावी म्हणून ही रचना. खाली व्हर्जिनियात जा, धुराडी घराच्या दोन टोकांना बाहेरच्या भिंतीत दिसतील, स्वयंपाकघर तर बऱ्याचदा वेगळ्याच इमारतीत. तिथे उकाडा घराबाहेर काढायचा होता.

दुसरी, छप्पर. पुढून दुमजली घर आणि मागे छप्पर तसंच उतरत उतरत डोक्याएवढ्या उंचीवर आलेलं असेल, तर ते 'सॉल्टबॉक्स'. आपल्याकडे घराला मागे पडवी काढतात तशीच ही पडवी, फक्त तिच्यात स्वयंपाकघर असायचं. कधी ती मागाहून जोडलेली, कधी घर बांधतानाच केलेली. याच वळणाचं, बॉस्टनजवळच्या डेडहॅम गावातलं फेअरबँक्स हाउस साधारण १६३७ ते १६४१ मधलं आहे आणि उत्तर अमेरिकेत उभं असलेलं सर्वांत जुनं लाकडी सांगाड्याचं घर मानलं जातं. डेडहॅमचा इथे संबंध आहे: डिअरफील्डची ८,००० एकर जमीन डेडहॅमवाल्यांनाच मिळाली होती, नेटिकमधली त्यांची जमीन मिशनरी जॉन एलियटच्या ख्रिस्ती झालेल्या मूळनिवाशांच्या वस्तीसाठी गेली म्हणून. दिली तीही मूळनिवाशांचीच, पोकमटक लोकांची, पण त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

तिसरी, खिडक्या. जितकी तावदानं बारीक आणि जास्त, तितकं घर साधारणपणे जुनं. सतराव्या शतकात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली शंकरपाळ्याच्या आकाराची काच. मग वरखाली सरकणाऱ्या खिडक्या, वर बारा आणि खाली बारा तावदानं. १८०० च्या आसपास सहावर सहा. पुढे मोठी काच स्वस्त झाल्यावर दोनावर दोन. पण खिडक्या बदलता येतात, तेव्हा नुसत्या खिडकीवर विसंबू नका.

चौथी माझी लाडकी, दारं. १७५० च्या पुढेमागे या खोऱ्यातल्या सुतारांनी घरांच्या पुढच्या दारांवर जी हौस केली आहे! दुपाखी दार, बाजूला कोरलेले चौकोनी स्तंभ आणि वर मध्यभागी तुटलेली, दोन वेलांटीदार शिंगांसारखी कमान. घर बाकी साधं, काही घरांना तर तेव्हा रंगही नव्हता आणि दार मात्र नटवलेलं. बॉस्टनमध्ये असली दारं दिसत नाहीत, ही याच खोऱ्याची लकब. रेव्हरंड जोनाथन ॲशली यांच्या १७३४ च्या सुमाराच्या घराला असं दार आहे.

बाकी जॉर्जियन, फेडरल, ग्रीक रिव्हायव्हल वगैरे जाणकारांनी लिहा. मी चहा टाकते.

टवाळ

दोनशे वर्षांचं घर म्हणजे जुनं? आमच्या सदाशिव पेठेत दोनशे वर्षांच्या भाडेकरूंच्या केसेस चालू आहेत.

स्वरदा

टवाळ, हसले. पण सरळ हिशोब मांडते. पुण्यातला विश्रामबाग वाडा १८०७ चा. या रस्त्यावरचं एसा स्टेबिन्सचं विटांचं घर १७९९ चं. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यापेक्षा एका शेतकऱ्याचं-गिरणीवाल्याचं घर आठ वर्षांनी मोठं आहे आणि उत्तम स्थितीत आहे. आता बोला.

टवाळ

बोलत नाही. विश्रामबागेच्या दुरुस्तीवर बोललो तर धागा दुसरीकडे जाईल.

अनघा_एडिसन

मस्त धागा! एक बाळबोध शंका. आमचं घरही 'कलोनिअल' (वसाहतकाळातल्या वळणाचं) म्हणूनच विकलं आम्हाला. १९८७ चं, व्हिनाइल साइडिंग, मधोमध दार, वर पाच खिडक्या, खाली दोन-दोन, शेजारी दोन गाड्यांचं गराज. आमच्या अख्ख्या कल-डी-सॅकवर (पुढे बंद असलेल्या गल्लीत) सहापैकी पाच घरं अशीच आणि त्यातली तीन देसी. याचा आणि डिअरफील्डचा काही संबंध आहे की नुसतं एजंटचं बोलणं?

गवाक्ष

अनघा, संबंध आहे. मी वास्तुविशारद आहे (इथलं लायसन्स नाही, त्यामुळे फुकटचे सल्ले बिनधास्त देतो).

तुमच्या घराची पुढची बाजू ही जॉर्जियन घराची पणती म्हणा. अठराव्या शतकात इंग्लंडमधून पुस्तकांतून सममितीचं वेड आलं. दार मधोमध, दोन्ही बाजूंना खिडक्या मोजून सारख्या, आत मधून आरपार जाणारा दिवाणखान्याएवढा रुंद बोळ. त्या बोळासाठी मधलं धुराडं हटवून दोन धुराडी दोन बाजूंना न्यावी लागली. खर्चिक काम. म्हणून डिअरफील्डसारख्या ठिकाणी लोकांनी बराच काळ मधलं धुराडं ठेवूनच बाहेरून सममिती साधली. तोंड नवं, पोट जुनं.

स्वातंत्र्ययुद्धानंतर फेडरल. तोच आराखडा, पण सगळं बारीक, नाजूक होतं. दारावर अर्धवर्तुळाकार पंख्यासारखी काच, सडपातळ खांब, छपराचा उतार कमी. यात डिअरफील्डच्या शेजारच्या ग्रीनफील्डचं मोठं योगदान आहे. ॲशर बेंजामिन नावाच्या विशीतल्या सुताराने तिथे १७९७ साली 'द कंट्री बिल्डर्स असिस्टंट' छापलं. अमेरिकन माणसाने अमेरिकेतल्या सुतारांसाठी लिहिलेलं हे पहिलं बांधकाम-पुस्तक धरतात. त्याआधीची पुस्तकं लंडनची, दगडी हवेल्यांसाठीची. याने तेच नमुने लाकडात, गावच्या सुताराला झेपतील असे करून दिले. खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या कळसावर आणि दाराच्या चौकटीवर त्याची छाप दिसते. डिअरफील्ड अकॅडमीची १७९८ ची पहिली इमारतही त्याचीच, तिथे आता मेमोरियल हॉल संग्रहालय आहे.

मग १८२५ ते ६० च्या दरम्यान ग्रीक रिव्हायव्हल. ओळखायची खूण सोपी: घर नव्वद अंशांत वळतं. छपराचा त्रिकोण रस्त्याकडे येतो, कोपऱ्यांवर सपाट खांब चिकटवले की झालं देऊळ. पांढरा रंग जोरात आला तो याच काळात. त्याआधी घरं तांबडी, गेरूची, पिवळी किंवा बिनरंगाची, ऊनपावसाने करडी पडलेली असायची. पोस्टकार्डावरचं 'पांढरं न्यू इंग्लंड खेडं' वसाहतकाळात कुणी पाहिलं नव्हतं.

तुमचं घर कुठून आलं? १८७६ च्या फिलाडेल्फिया शताब्दी प्रदर्शनानंतर अमेरिकेला आपल्या पूर्वजांच्या घरांचा उमाळा आला. त्याला कलोनिअल रिव्हायव्हल म्हणतात आणि तो उमाळा अजून ओसरलेला नाही. तुमच्या खिडक्यांच्या बाजूला झडपा असतील, भिंतीला स्क्रूने मारलेल्या. मिटून बघा, खिडकी झाकली जाते का.

अनघा_एडिसन

आत्ता जाऊन बघितलं. दोन्ही मिळून खिडकीची अर्धी रुंदीही भरत नाही. पंधरा वर्षं राहतोय या घरात!!

चौकस

आम्ही गेल्या महिन्यात न्यू इंग्लंड फिरलो. तीन वेगवेगळ्या ठिकाणी गाइडकडून ऐकलेल्या गोष्टी देतो, खऱ्या का?

सॉल्टबॉक्सचं छप्पर मागे उतरतं कारण इंग्लंडच्या राणी ॲनच्या काळात दुमजली घरावर कर होता, मागून एकमजली दाखवून वाचवायचा. दुसरं, खिडकीतल्या आतून सरकणाऱ्या फळ्या या 'इंडियनां'च्या, म्हणजे इथल्या मूळनिवाशांच्या बाणांपासून वाचायला. तिसरं, सहा चौकटींच्या दारात वर क्रूस आणि खाली उघडं बायबल आहे, चेटकिणी आत येऊ नयेत म्हणून. आणि जमिनीच्या फळ्या कधीही तेवीस इंचांपेक्षा रुंद नसतात, कारण त्याहून मोठी झाडं राजाची.

सुतारपक्षी

आलो. हा माझा विषय. पेशाने सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार जुन्या लाकडी सांगाड्यांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळांत हात मोडून घेतो.

कराची गोष्ट खोटी. असा कर सापडत नाही, आणि पडवी काढणं हा जागा वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, त्याला राणी लागत नाही. शिवाय कर घ्यायला येणारा माणूस घराच्या मागे चक्कर मारणार नाही, हे गृहीतकच भाबडं आहे.

आतल्या सरकत्या फळ्या थंडी, ऊन आणि शेजाऱ्यांच्या नजरेसाठी. त्या ज्या घरांत सापडतात ती बहुतेक घरं हल्ल्यांचा धोका टळल्यानंतरची. आणि अर्ध्या-पाऊण इंचाची पाइनची फळी बंदुकीच्या गोळीला काय अडवणार?

क्रूस-बायबलवाल्या दारावर मला खास राग आहे. प्युरिटन लोकांनी, म्हणजे इथे वसलेल्या कट्टर प्रोटेस्टंटांनी, आपल्या प्रार्थनाघरातसुद्धा क्रूस ठेवला नाही. ते दारावर कशाला कोरतील? दार रुंद फळीचं केलं की हवेतल्या दमटपणाने फुगतं, आकसतं, चिरतं. चौकटीत सैल बसवलेल्या छोट्या फळ्या केल्या की हलायला जागा मिळते. सहा चौकटी हे सुतारकाम आहे, त्यात धर्म नाही.

राजाच्या झाडांत मात्र अर्धं तथ्य आहे. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत, जमिनीपासून एक फुटावर चोवीस इंच व्यासाची आणि त्याहून मोठी झाडं राजाच्या नौदलाच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली होती. पण आधीच खाजगी मालकीत गेलेल्या जमिनींना ते लागू नव्हतं. आणि लोक ते कितपत पाळत होते? मी स्वतः जुन्या माळ्यांवर सव्वीस इंची फळ्या मोजल्यात.

आता स्वरदाताईंच्या चार गोष्टींत माझी भर, कारण त्या सगळ्या बाहेरून दिसणाऱ्या आहेत. बाहेरचं सगळं बदलता येतं. वय बघायचं तर माळ्यावर आणि तळघरात जा, टॉर्च आडवा धरा.

लाकडावरच्या करवतीच्या खुणा बघा. मुख्य तुळया, खांब कुऱ्हाडीने तासलेले असतात, खपल्यांचे ठसे दिसतात. फळ्यांवर सरळ, एकमेकींना समांतर रेघा असतील तर त्या पाण्यावर चालणाऱ्या, वरखाली जाणाऱ्या करवतीच्या. रेघा वक्र, धनुष्यासारख्या असतील तर गोल करवत, म्हणजे साधारण १८३० नंतरचं काम.

खिळे. लोहाराने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता, डोक्यावर हातोडीचे ठोके. १७९० च्या दशकापासून पत्र्यातून यंत्राने कापलेले खिळे, ते दोनच बाजूंनी निमुळते. गोल तारेचा खिळा दिसला की १८८० च्या पुढचं समजा. भिंतीच्या गिलाव्यामागच्या पट्ट्याही बोलतात: जुन्या काळी पातळ फळी चिरून भात्यासारखी ताणायचे आणि ठोकायचे, पुढे एकेक पट्टी कापून.

सांगाड्यात खिळा नाहीच. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आरपार भोक आणि त्यात ओकची खुंटी. अख्खी बाजू जमिनीवर जुळवायची, मग गावातल्या माणसांनी मिळून उभी करायची. कुठलं कुसू कुठल्या खाचेत हे कळावं म्हणून जोडांवर छिन्नीने रोमन आकडे कोरलेले असतात. ते सापडले की मला अजून पोरासारखा आनंद होतो.

गवाक्ष

+१. आणि यात झाडांच्या वाढीच्या कड्या मोजून वय काढायचं तंत्र आल्यापासून बऱ्याच घरांचं वय उतरलं आहे. डिअरफील्डचं फ्रेरी हाउस एकेकाळी १६८० च्या दशकातलं म्हणून मिरवायचं. आता ते १७५० च्या सुमाराचं धरतात. घराण्याची आठवण आणि लाकडाची आठवण यांत लाकडावर विश्वास ठेवावा.

अण्णा_कोथरूड

फ्रेरीवरून आठवलं, गावावर १७०४ मध्ये फ्रेंचांनी हल्ला केला होता ना? मग १७०४ च्या आधीचं काही उरलं कसं असेल?

स्वरदा

अण्णा, बरोबर पकडलंत. २९ फेब्रुवारी १७०४, पहाटेच्या अंधारात. फ्रेंच सैनिक आणि त्यांच्याबरोबर अबेनाकी, कानावागेचे (कॅनडातल्या वस्तीतले) मोहॉक, ह्युरॉन वगैरे मूळनिवासी मिळून तीनशेच्या आसपास. तटबंदी होती, पण तिला लागून बर्फ इतकं साठलं होतं की त्यावरून चढून आत उड्या मारता आल्या. पन्नासच्या आसपास गावकरी मेले, ११२ जणांना कैद करून तीनशे मैलांवर कॅनडात चालवत नेलं. धर्मगुरू जॉन विल्यम्स सुटून परतला. त्याची मुलगी युनिस, पकडली तेव्हा सात वर्षांची, परतलीच नाही. तिने कानावागेत लग्न केलं, तिथलीच झाली.

त्या हल्ल्यातून वाचलेलं एक घर होतं, शेल्डनांचं, लोक त्याला 'इंडियन हाउस' म्हणत. १८४८ साली ते पाडलं. त्याआधी ते वाचवायला गावात वर्गणीचं आवाहन निघालं होतं, अमेरिकेतल्या वारसा-जतनाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत ते मोजतात. पैसे जमले नाहीत. दार तेवढं वाचलं, कुऱ्हाडीने पाडलेल्या भोकासकट. ते मेमोरियल हॉलमध्ये आहे. जाडजूड, दुहेरी फळ्यांचं, वर खिळेच खिळे.

पुढे १८७० मध्ये जॉर्ज शेल्डन यांनी स्थानिक इतिहास मंडळ काढलं, १८९० मध्ये सी. ॲलिस बेकर या शिक्षिकेने फ्रेरी हाउस विकत घेऊन दुरुस्त केलं आणि १९५२ मध्ये हेन्री आणि हेलन फ्लिंट या जोडप्याने ही घरं सांभाळणारी आजची संस्था उभी केली. ॲशली हाउस तोवर मागच्या बाजूला ढकलून तंबाखू वाळवायचं कोठार झालं होतं. फ्लिंट मंडळींनी ते परत मूळ जागी आणलं.

चौकस

'आणलं' म्हणजे? घर??

सुतारपक्षी

हो, घर. धुराडं सोडून सांगाडा ओंडक्यांवर घेतात आणि बैलांनी ओढतात. इथे ही सर्रास गोष्ट होती. लाकूड महाग, मजुरी महाग, घर हलवणं स्वस्त. डिअरफील्डमध्येच ड्वाइट हाउस स्प्रिंगफील्डहून आलंय आणि पर्यटकांचं स्वागत जिथे होतं ते हॉल टॅव्हर्न चार्लमाँटहून. म्हणून 'हे घर इथे अमुक सालापासून आहे' या वाक्यात दोन वेगवेगळे दावे असतात.

गवाक्ष

आणि म्हणूनच मला हा रस्ता आवडत असूनही थोडा खटकतो. बाहेरून आणलेली घरं, पुन्हा जागेवर आलेली घरं, इंडियन हाउसची १९२९ मधली प्रतिकृती... १७५० मध्ये उभं राहून पाहिलं असतं तर असा रस्ता दिसला नसता. शेणाचे ढीग, कोठारं, लोहाराचा धूर, काही घरं पडकी. हे जपणाऱ्यांनी निवडून मांडलेलं गाव आहे.

स्वरदा

मांडलेलं आहे, मान्य. पण न मांडता उरलं काय असतं? इंडियन हाउसचं दार. गवाक्ष, मला निवडलेलं गाव चालेल, फक्त काय निवडलं ते पाटीवर लिहा. वेल्स-थॉर्न हाउसमध्ये ते लिहितात: एकेक खोली एकेका काळात लावली आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत. पहिल्या खोलीत पलंग, चूल, भांडी सगळं एकत्र. शेवटच्या खोल्यांत गालिचे, पडदे, भिंतीवर कागद. शैली शिकायला यापेक्षा चांगला वर्ग नाही.

निशिगंध

वेल्स-थॉर्नचं नाव निघालं म्हणून लिहिते. तिथे एबेनेझर वेल्सच्या घरात लूसी टेरी नावाची गुलाम मुलगी होती. आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणलेली. १७४६ मध्ये गावाबाहेरच्या कुरणात झालेल्या हल्ल्यावर तिने 'बार्स फाइट' ही कविता रचली. आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तीची ही आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी कविता. शंभरएक वर्षं लोकांच्या तोंडी राहिली आणि छापली गेली ती १८५५ मध्ये.

आणि स्वरदाताईंना ज्या ॲशली हाउसचं दार आवडतं, त्या दारामागे जिन आणि तिचा मुलगा केटो होते, धर्मगुरूचे गुलाम. जिनला बारा वर्षांची असताना गिनीतून आणलेलं. मेल्यावर आपण परत तिकडे जाणार अशी तिची खात्री होती, म्हणून ती आयुष्यभर रंगीत चिंध्या, मणी, बटणं, शिंपले, वेगळ्या आकाराचे दगड जमवत राहिली, बरोबर न्यायला. केटोलाही तिने तेच शिकवलं. हे जॉर्ज शेल्डननेच लिहून ठेवलंय. न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरी नव्हतीच असं आपण सहज धरून चालतो. या एका रस्त्यावर ती कितीतरी घरांत होती.

अण्णा_कोथरूड

माहिती वाचून वाईट वाटलं. पण धागा वास्तुशैलीचा आहे. प्रत्येक विषयात हे आणायलाच हवं का?

निशिगंध

अण्णा, आणत नाहीये, ते घरातच आहे. कोण कुठे झोपत होतं हा आराखड्याचा प्रश्न नाही का? माळा, स्वयंपाकघरावरची खोली, मागची पडवी. गवाक्ष सांगतील, पुढचा जिना आणि मागचा जिना वेगळा का असतो.

गवाक्ष

सांगतो. जॉर्जियन घरात पुढचा जिना दाखवायचा, वळणदार कठड्यांचा. मागचा कामाचा, अंधारा आणि उभा. तो कुणाच्या पायांसाठी होता हे न विचारता आराखडा समजत नाही. अण्णा, आपल्या वाड्यांतही पहिल्या चौकात कोण आणि मागच्या चौकात कोण हे ठरलेलंच होतं की.

अण्णा_कोथरूड

हं. मुद्दा कळला. कवितेचं आणखी कुठे वाचायला मिळेल ते कळवा, नातीला सांगेन.

हॅकेनसॅककर

सगळे न्यू इंग्लंडातच अडकलेत. जर्सीवाल्यांनो, एवढं लांब जायची गरज नाही! न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत डच लोकांची तांबड्या वालुकाश्माची घरं बघा. रिव्हर एजचं स्टुबेन हाउस १७५२ चं, नदीला लागून. वर गॅम्ब्रेल छप्पर, म्हणजे वर सपाटसर उतार आणि मध्येच मोडून खाली एकदम उभा. माळ्यावर उभं राहता येतं. छपराची कड भिंतीच्या पुढे कमानीसारखी वळून येते, पावसात तिच्याखाली बसावं. आणखी वर न्यूयॉर्क राज्यात न्यू पॉल्ट्झला ह्यूगनॉट स्ट्रीटवर फ्रेंच प्रोटेस्टंटांची दगडी घरं, हर्लीला तशीच डच घरं. जॉर्जियन-बिर्जियन काही नाही, दगड जिथला तिथला.

टवाळ

'जॉर्जियन-बिर्जियन' हा शब्द आवडल्या गेला आहे.

मुंबईकर_बॉस्टन

थोडं अवांतर, पण आपल्या गावचा संबंध आहे म्हणून. सेलमला चेस्टनट स्ट्रीटवर जा. सॅम्युएल मॅकिन्टायर या लाकूड कोरणाऱ्या कारागिराच्या वळणाची फेडरल घरं, अमेरिकेतली सर्वांत देखणी असं माझं मत. ती ज्या पैशातून उभी राहिली त्यातला मोठा वाटा पूर्वेच्या समुद्री व्यापाराचा आहे, सुरत-मुंबईच्या कापडाचा आणि कापसाचाही. सेलमच्या कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली, आज तिथे पीबडी एसेक्स म्युझियम आहे. त्यात मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं व्यक्तिचित्र टांगलेलं आहे. डिअरफील्डच्या वस्त्रसंग्रहातही भारतीय छिटाचं कापड आहे. आपल्याकडचं छापील कापड इथल्या पलंगांवर, आणि बॉस्टनच्या तळ्यातला बर्फ जहाजाने मुंबईत. असा सौदा होता.

मृण्मयी_डी

हा धागा अगदी वेळेवर आला. आम्ही एक घर बघतोय (गाव सांगत नाही, याच खोऱ्यात). जाहिरातीत '१७६०' लिहिलंय, दारापाशी पाटीही आहे. दोन प्रश्न. एक, असं घर घेतलं तर खिडकीसुद्धा बदलता येत नाही म्हणतात, खरं का? दोन, एजंट १७६० वर अडून आहे आणि किमतीत ते धरतोय. कसं तपासू?

गवाक्ष

पहिलं: दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. घर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत असेल तर तो मान आहे. स्वतःच्या पैशाने काम करताना त्याचा अडथळा येत नाही. मात्र गावाने राज्याच्या ४०सी कायद्याखाली स्थानिक ऐतिहासिक भाग जाहीर केला असेल, तर रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्य बदलांना समितीची परवानगी लागते. आतलं स्वयंपाकघर तुमचं, हवं ते करा. त्या गावचे नियम टाउन हॉलमधून आधी घ्या. सहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर शिसं असलेल्या रंगाबद्दलचा कायदा वाचा. १९७८ च्या आधीच्या प्रत्येक घराला तो लागू आहे आणि तिथे खर्च होतो.

सुतारपक्षी

दुसऱ्यासाठी माळ्यावर जा आणि फोटो टाका. शेकोटीचाही एक हवा, समोरून आणि वरून.

मृण्मयी_डी

फोटो टाकलेत. छपराच्या फळ्यांवर सरळ रेघा आहेत (हुर्रे?). माळ्याच्या जमिनीतले खिळे दोन बाजूंनी निमुळते. शेकोटी अगदी उथळ, बाजूच्या भिंती तिरप्या, आत पेला ठेवला तर मागे टेकतो. दारावर पंख्यासारखी काच. घरात मधून बोळ, धुराडी दोन.

सुतारपक्षी

सरळ रेघांनी साधारण १८३० च्या आधीचं असावं एवढंच कळतं. माळ्याची जमीन नंतर घातलेली असू शकते, म्हणून तिथले खिळे पुरावा नाहीत. जिन्याखालच्या कपाटात आतल्या बाजूचे बघा, तिथे कुणी हात लावत नाही.

शेकोटी मात्र बोलकी आहे. उथळ आणि तिरप्या बाजूंची शेकोटी हा काउंट रमफर्डचा नमुना. हा मूळचा मॅसॅच्युसेट्सच्या वूबर्नचा बेंजामिन थॉम्पसन. त्याने १७९६ मध्ये हे छापलं, म्हणजे शेकोटी त्यानंतरची. नंतर बदललेली असू शकते, पण पंखा, बोळ, दोन धुराडी सगळे एकाच दिशेला बोट दाखवतायत.

गवाक्ष

माझ्याकडून १८०० ते १८१५. सुंदर फेडरल घर आहे. १७६० चं नाही. कदाचित त्या जागेवर १७६० चं घर असेल आणि पाटी त्याची असेल. काउंटीच्या रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये (खरेदीखतांच्या दफ्तरात) मालकांची साखळी मागे मागे नेत जा, बरंचसं ऑनलाइन मिळतं. किंमत एकदम कुठे उडी मारते ते बघा. जमीन स्वस्त आणि पुढच्याच विक्रीत दुप्पट-तिप्पट, की मध्ये घर झालं.

मृण्मयी_डी

कपाटातले खिळेही दोनच बाजूंनी निमुळते निघाले. एजंटला सांगितलं तर म्हणाला, पाटी गावानेच लावलीये. डीड शोधतेय. नवऱ्याचं म्हणणं, १७६० असो की १८१०, तळघरात पाणी येतं का ते आधी बघ.

सुतारपक्षी

नवऱ्याचं बरोबर आहे. पायाच्या दगडांवर जी आडवी तुळई बसते, तिच्यात तळघरातून स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, चारही बाजूंनी, विशेषतः मागच्या पायऱ्यांखाली आणि जिथे छपराचं पाणी पडतं तिथे. पाव इंच गेला तर चालेल. मुठीपर्यंत गेला तर आधी त्याचं एस्टिमेट घ्या, सालाचं नंतर भांडू.